कॅरोलाइन राणी खरंच राज्य चालवायची का?

प्रश्न असा आला आहे: "इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्जच्या काळात खरी सत्ता त्याच्या जर्मन बायकोच्या, कॅरोलाइनच्या हातात होती असं वाचलं. यात तथ्य किती? आणि आन्सबाखसारख्या आडबाजूच्या संस्थानातली मुलगी तिथवर पोचली कशी?"

आधी एक गोंधळ मिटवतो. इंग्लंडच्या इतिहासात जर्मनीहून आलेल्या दोन कॅरोलाइन आहेत. नवऱ्याच्या राज्याभिषेकाला जिला १८२१ मध्ये दारातून परत पाठवलं, ती ब्रन्सविकची कॅरोलाइन, चौथ्या जॉर्जची बायको. इथे विषय आहे तो तिच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच्या आन्सबाखच्या कॅरोलाइनचा. विद्यार्थी परीक्षेत या दोघींची खिचडी करतात, आणि काही छापील लेखही करतात.

आता उत्तर. सत्ता तिच्या हातात होती, पण ती उसनी होती. राजाच्या बायकोला कायद्याने काहीच अधिकार नव्हता. राजा परदेशी असताना ती प्रतिशासक म्हणून बसायची तेवढाच काय तो कागदावरचा हक्क. बाकी सगळं नवऱ्याच्या मर्जीवर, आणि ती मर्जी टिकण्याची अट एकच: निर्णय आपणच घेतो असं राजाला वाटत राहिलं पाहिजे. कॅरोलाइनने हे दहा वर्षं निभावलं. त्यासाठी तिने काय काय गिळलं ते पाहिल्याशिवाय तिच्या सत्तेचं मोजमाप होत नाही.

तिचा जन्म १ मार्च १६८३ चा, आन्सबाखच्या राजवाड्यातला. हे संस्थान आजच्या बव्हेरियात येतं. बाप तिथला मार्ग्रेव्ह, म्हणजे संस्थानिक. ती तीन वर्षांची असताना तो देवीच्या आजाराने गेला. आईने १६९२ मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरशी (म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेल्या जर्मन संस्थानिकाशी) दुसरं लग्न केलं आणि ती फुफाट्यात पडली. त्या इलेक्टरची एक ठेवलेली बाई होती, तो तिच्यापायी वेडा होता, आणि तलवार घेऊन बायकोच्या अंगावर धावून गेल्याची हकीकत सांगितली जाते. १६९४ मध्ये त्या बाईला देवी आल्या, तिच्यापासून त्यालाही आल्या आणि दोघंही काही आठवड्यांच्या अंतराने मेली. दोन वर्षांनी कॅरोलाइनची आईही गेली. तेराव्या वर्षी मुलगी पोरकी. देवीचा आजार आणि नवऱ्याची ठेवलेली बाई, या दोन गोष्टी तिने पुढे आयुष्यभर ज्या थंडपणे हाताळल्या त्याचं मूळ मला तरी या घरात दिसतं.

तिचं नशीब उघडलं ते पालकांमुळे. ब्रॅन्डेनबर्गचा इलेक्टर (जो पुढे प्रशियाचा पहिला राजा झाला) आणि त्याची बायको सोफी शार्लोट यांनी तिला बर्लिनला आणलं. सोफी शार्लोटचा दरबार म्हणजे त्या काळातली जर्मनीतली सर्वांत तल्लख बैठक. तत्त्वज्ञ लायबनिझ तिथे नेहमीचा पाहुणा. आन्सबाखला कॅरोलाइनचं शिक्षण यथातथाच झालं होतं. तिचं अक्षर गिचमिड आणि शुद्धलेखन शेवटपर्यंत दिव्य. पण बर्लिनला ती वाद घालायला शिकली, आणि समोरच्याला बोलतं ठेवायलाही.

१७०४ मध्ये तिच्यासाठी मोठं स्थळ आलं. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स, जो पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झाला. अट एवढीच की तिने प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक व्हायचं. तिला समजवायला ओर्बान नावाचा एक जेझुइट पाद्री नेमला. सोफी शार्लोटची आई, हॅनोव्हरची म्हातारी सोफिया, हिने एका पत्रात या शिकवणीचं वर्णन केलंय: टेबलावर बायबल उघडं असतं, दोघांचा वाद रंगतो, आणि मग ही मुलगी रडते. आज हो, उद्या नाही, असं बरेच दिवस चाललं. शेवटी तिने नकार दिला आणि नकाराच्या पत्राचा मसुदा लायबनिझने करून दिला. एकवीस वर्षांच्या पोरक्या मुलीने सम्राज्ञीपद नाकारलं ही बातमी प्रॉटेस्टंट युरोपात गाजली. पुढे इंग्लंडात तिला याचा फार उपयोग झाला, कारण तिथे राजघराण्याची पहिली पात्रताच मुळी 'कॅथलिक नसणं' ही होती.

सोफी शार्लोट १७०५ च्या फेब्रुवारीत वारली. त्याच उन्हाळ्यात आन्सबाखला एक तरुण पाहुणा आला आणि त्याने स्वतःचं नाव 'मस्यू द बुश' असं सांगितलं. तो होता हॅनोव्हरचा राजपुत्र जॉर्ज ऑगस्टस. नाव लपवून मुलगी पाहायला आला होता. त्याच्या आईबापांचं लग्न असं मोडलं होतं की आईला व्यभिचाराच्या आरोपावरून आल्डेनच्या गढीत डांबून ठेवलं होतं, ती मरेपर्यंत तिथेच राहिली. पोराने निदान पाहून, पसंत करून लग्न करावं असं बापालाही वाटत होतं. पसंती झाली आणि सप्टेंबर १७०५ मध्ये लग्न लागलं. १७०७ मध्ये कॅरोलाइनला देवी आल्या, तर हा माणूस तिच्या खोलीतून हलला नाही आणि स्वतः आजार घेऊन बसला. तो बाहेरख्याली होता, तापट होता, पण त्याचं तिच्यावर प्रेम होतं. याबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि तिची सगळी पुढची कारकीर्द याच भांडवलावर उभी आहे.

हॅनोव्हरहून इंग्लंडला जाण्याचं कारण १७०१ चा कायदा. त्याने कॅथलिक वारसांना बाद करून गादी म्हाताऱ्या सोफियाच्या वंशाकडे वळवली होती. जून १७१४ मध्ये सोफिया हेरेनहाउझनच्या बागेत फिरता फिरता कोसळली, तेव्हा कॅरोलाइन तिच्या सोबत होती. दोन महिन्यांत इंग्लंडची ॲन राणी गेली. सोफियाचा मुलगा पहिला जॉर्ज झाला, कॅरोलाइनचा नवरा युवराज आणि ती युवराज्ञी. ऑक्टोबरात ती मुलींसह लंडनला पोचली. थोरला मुलगा फ्रेडरिक, वय वर्षं सात, याला मात्र हॅनोव्हरलाच ठेवायचा हुकूम झाला, घराण्याचं माणूस तिथे असावं म्हणून. त्याची आणि आईबापांची भेट पुन्हा झाली ती चौदा वर्षांनी. हे लक्षात असू द्या.

सासऱ्याचं आणि नवऱ्याचं हाडवैर होतं. १७१७ मध्ये कॅरोलाइनला मुलगा झाला आणि बारशात राजाने आपल्या मर्जीतला ड्यूक ऑफ न्यूकॅसल धर्मपिता म्हणून लादला. युवराजाने त्याच्यावर मूठ उगारत काहीतरी म्हटलं. त्याच्या जर्मन उच्चारामुळे ड्यूकला ते द्वंद्वाचं आव्हान वाटलं आणि त्याने राजाकडे चुगली केली. राजाने मुलाला राजवाड्याबाहेर काढलं. सुनेला सांगण्यात आलं की मुलं इथेच राहतील, तुला हवं तर तू राहा. ती नवऱ्याबरोबर गेली. तीन मुली आणि तान्हं बाळ मागे राहिलं. प्रकरण न्यायाधीशांपर्यंत गेलं आणि बारापैकी दहांनी निकाल दिला की नातवंडांचा ताबा राजाचाच. बाळ फेब्रुवारी १७१८ मध्ये दगावलं. १७२० मध्ये रॉबर्ट वॉलपोल या मुत्सद्द्याच्या (जो पुढे मुख्य मंत्री झाला) मध्यस्थीने बापलेकांचा वरवरचा समेट झाला. मुली तरीही परत मिळाल्या नाहीत. कॅरोलाइन वॉलपोलवर तेव्हा भडकली होती, पण हा माणूस कामाचा आहे हे तिने मनात नोंदवून ठेवलं.

युवराज्ञी असतानाच्या तिच्या दोन गोष्टी मला तिच्या राणीपदाइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, लायबनिझ आणि न्यूटनच्या गोटातला वाद. १७१५ मध्ये लायबनिझने तिला पत्र लिहून तक्रार केली की इंग्लंडात धर्मबुद्धी ढासळते आहे आणि न्यूटनची मतं त्याला हातभार लावताहेत. तिने ते पत्र न्यूटनचा मित्र सॅम्युएल क्लार्क याच्याकडे दिलं. त्याने उत्तर लिहिलं, ते तिने लायबनिझला धाडलं. अशी पाच-पाच पत्रं झाली. अवकाश म्हणजे काय, काळ म्हणजे काय, देव जगाच्या घड्याळाला अधूनमधून किल्ली देतो का, असे ते विषय. नोव्हेंबर १७१६ मध्ये लायबनिझ वारला म्हणून पत्रं थांबली. क्लार्कने ती छापली तेव्हा तिलाच अर्पण केली. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात हा पत्रव्यवहार आजही असतो, आणि त्यात तिचं काम टपाल पुढे ढकलण्याचं नव्हतं. ती दोघांना प्रश्न टाकून डिवचत होती.

दुसरी गोष्ट देवीची. १७२० मध्ये थोरली मुलगी ॲन या आजारातून जेमतेम वाचली. लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू तुर्कस्तानातून टोचणीची पद्धत पाहून आली होती: सौम्य आजार झालेल्या रोग्याच्या फोडातला स्राव निरोग्याच्या कातडीखाली घालायचा. लंडनचे बरेच डॉक्टर विरोधात होते. कॅरोलाइनने घाई केली नाही. ऑगस्ट १७२१ मध्ये न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर, तीन बाया आणि तीन पुरुषांवर, राजाच्या परवानगीने प्रयोग झाला. जगलात तर सुटका, असा सौदा. सहाही जगले आणि सुटले. त्यातल्या एका बाईला पुढे मुद्दाम देवीच्या रोग्यांच्या सेवेला पाठवलं, पुन्हा लागण होते का पाहायला. झाली नाही. मग अनाथ मुलांवर प्रयोग झाला. तेव्हा कुठे एप्रिल १७२२ मध्ये क्लॉडियस अमियां या सर्जनने तिच्या दोन मुलींना, अमीलिया आणि कॅरोलाइनला, टोचलं. आजच्या नजरेला कैदी आणि अनाथांचा हा वापर खुपतो, खुपायलाच हवा. पण त्या काळात मत पडताळून पाहायची ही रीतच दुर्मीळ होती. राजकन्यांना टोचल्यावर सरदारांनी आपली मुलं पुढे केली आणि फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने याचं श्रेय नाव घेऊन तिला दिलं. गायीच्या देवीची लस यायला अजून पाऊणशे वर्षं होती. ती हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईत, १८०२ मध्ये, तीन वर्षांच्या एका मुलीला.

जून १७२७ मध्ये पहिला जॉर्ज हॅनोव्हरच्या वाटेवर ओस्नाब्रुकला वारला. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण पहिल्याच आठवड्यात कॅरोलाइनने आपली ताकद दाखवली. बातमी घेऊन वॉलपोल धावत आला तर नव्या राजाने त्याला उडवून लावलं: जा, स्पेन्सर कॉम्प्टनकडून हुकूम घे. कॉम्प्टन हा युवराजाच्या घरचा जुना खजिनदार. त्याला राजाचं पहिलं भाषण लिहायला सांगितलं तर त्याने ते वॉलपोलकडूनच लिहून घेतलं. ही माहिती राजाच्या कानावर जाईल अशी व्यवस्था कॅरोलाइनने केली. दुसरं प्रकरण तनख्याचं. राणीला वर्षाला साठ हजार पौंड द्यावेत असा कॉम्प्टनचा बेत, तर वॉलपोलने एक लाखाचा शब्द दिला आणि राजासाठीही घसघशीत रक्कम संसदेतून काढून देतो म्हणाला. काही दिवसांत वॉलपोल पुन्हा जागेवर. कॉम्प्टनचा भरवसा राजाच्या ठेवलेल्या बाईवर, हेन्रिएटा हॉवर्डवर होता. वॉलपोल मात्र आधीपासून बायकोकडे वळला होता. आपण योग्य डुकरिणीचा कान धरला, असं तो नंतर म्हणाल्याचं सांगतात. भाषा तशीच होती त्याची.

११ ऑक्टोबर १७२७ ला राज्याभिषेक झाला. संगीतकार हँडेलने त्यासाठी रचलेल्या प्रार्थनागीतांपैकी एक इंग्लंडच्या राज्याभिषेकांत आजही ऐकू येतं. कॅरोलाइनच्या पोशाखावर इतके दागिने चढवले होते की गुडघे टेकताना घागरा वर उचलायला कप्पी लावावी लागली. त्यातले बरेच दागिने उसने होते, कारण ॲन राणीचे जवाहिर सासऱ्याने आपल्या बायांना वाटून टाकले होते.

आता कारभार कसा चालायचा ते पाहा. वॉलपोल आधी राणीशी बोलायचा, विषय दोघं मिळून पक्का करायची. मग राजा आला की राणी झुकून मुजरा करायची आणि "मी जाते" म्हणायची. राजा म्हणायचा, बस. ती विणकाम घेऊन बाजूला बसायची, जणू राज्यकारभारातलं तिला काही कळत नाही. वॉलपोल विषय नव्यानेच काढतोय असा काढायचा. राजा उखडायचा. वॉलपोल टोपीशी चाळा करी, तपकिरीची चिमूट घेई, रुमाल काढी, आणि या खुणांवरून राणीला कळायचं की आता बोलायचं की गप्प राहायचं. ती आधी राजाच्या बाजूने बोलायची, मग हळूच एखादी शंका काढायची, मग विषय सोडून द्यायची. चार दिवसांनी राजा तोच विचार स्वतःचा म्हणून मांडायचा आणि ती त्याच्या अकलेचं कौतुक करायची. आपल्याकडच्या मोठ्या वाड्यांत कर्त्या पुरुषांना सांभाळणाऱ्या आजीबाईंना यात नवल वाटलं नसतं. राजाला मात्र फुशारकी मारायची सवय होती: पहिल्या चार्ल्सला बायको चालवायची, दुसऱ्याला त्याच्या बाया, माझ्या बापाला जो कुणी गाठेल तो, आणि मला कोण चालवतं म्हणतात लोक? दरबारी खाली मान घालून हसायचे. बाहेर रस्त्यावर तर पद्यच झालं होतं: जॉर्जा, तू कितीही मिरव, राज्य तू नव्हे, कॅरोलाइन करते हे आम्हाला ठाऊक आहे.

तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. ती वॉलपोलच्या हातातलं बाहुलं नव्हती आणि सर्वेसर्वाही नव्हती. १७३३ मध्ये पोलंडच्या गादीवरून युरोपात युद्ध पेटलं तेव्हा राजा ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरायला फुरफुरत होता, आणि राणीचाही कल तिकडेच होता. वॉलपोलला आधी तिला वळवावं लागलं. १७३४ मध्ये तो तिला म्हणाला, "बाईसाहेब, या वर्षी युरोपात पन्नास हजार माणसं कापली गेली आणि त्यात एकही इंग्रज नाही." राणी वळली, मग राजाला वळवायचं काम तिचं. इंग्लंड त्या युद्धात पडलं नाही. मला विचाराल तर तिच्या प्रभावाचा सर्वांत भक्कम दाखला हा आहे, राज्याभिषेकाचा झगमगाट किंवा रस्त्यावरची गाणी नव्हेत.

राजा हॅनोव्हरला जायचा तेव्हा ती प्रतिशासक असायची: १७२९, १७३२, १७३५ आणि १७३६-३७. फ्रेडरिक सज्ञान असूनही त्याला डावललं जायचं. यातली शेवटची पाळी जड गेली. एडिंबरामध्ये एका चोरट्या व्यापाऱ्याच्या फाशीच्या वेळी गर्दीवर गोळीबार झाला, माणसं मेली आणि पहाऱ्याचा कप्तान पोर्टिअस याला फाशीची शिक्षा झाली. राणीने शिक्षा सहा आठवडे पुढे ढकलली. ७ सप्टेंबर १७३६ च्या रात्री जमावाने तुरुंग फोडून त्याला भर बाजारात लटकवलं. आपला हुकूम असा धुडकावला गेल्याचा तिला भयंकर संताप आला. शेवटी शहराला दोन हजार पौंड दंड आणि नगरप्रमुखाला बंदी एवढ्यावर भागलं.

त्याच वर्षी राजा हॅनोव्हरमधून परत यायचं नाव घेत नव्हता, कारण तिथे आमाली फॉन वालमोडेन नावाची नवी बाई भेटली होती. या प्रेमप्रकरणाचा बारीकसारीक वृत्तान्त तो पत्राने बायकोलाच कळवायचा. एकेक पत्र तीस-चाळीस पानांचं. लंडनमध्ये राजवाड्याच्या फाटकावर कुणीतरी जाहिरात चिकटवली: या घरातून एक पुरुष हरवला आहे, बायको आणि सहा पोरं गावाच्या गळ्यात टाकून गेला आहे. वॉलपोलने राणीला सल्ला दिला की तुम्हीच त्या बाईला इंग्लंडला बोलवा, म्हणजे राजा परत येईल. हा सल्ला ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तसं लिहिलं. हेन्रिएटा हॉवर्डला तर तिने वर्षानुवर्षं आपल्याच पदरी ठेवून घेतलं होतं, आणि ती बाई राणीसमोर तोंड धुण्याचं पात्र धरून गुडघे टेकायची. माहितीतली, आणि राजकारणात निष्प्रभ बाई असलेली बरी, असा हिशोब. मायेचा भाग त्यात शोधू नये.

मुलाच्या बाबतीत मात्र हिशोब आटला. फ्रेडरिक १७२८ च्या डिसेंबरात इंग्लंडला आला तेव्हा एकवीस वर्षांचा, जवळजवळ परका. तो विरोधी पक्षाला जाऊन मिळाला, बापाने तनखा तोडला, आणि आईच्या तोंडून त्याच्याबद्दल असे शब्द निघाले की वाचताना कानकोंडं व्हावं. माझं पहिलं पोर म्हणजे जगातलं सर्वांत मोठं गाढव, सर्वांत मोठा लबाड आणि जनावर आहे, आणि तो जगातून जाईल तर बरं, असं ती म्हणाल्याची नोंद आहे. ३१ जुलै १७३७ ला सुनेला हॅम्प्टन कोर्टला कळा सुरू झाल्या. आईबापांसमोर बाळंतपण नको म्हणून फ्रेडरिकने तिला त्या अवस्थेत गाडीत घालून रात्रीत लंडनला नेलं. राणी मागोमाग पोचली तर मुलगी झालेली. धडधाकट मुलगा असता तर मला संशय आला असता, ती म्हणाली, पण ही बिचारी चिमुकली उंदरी खरीच आहे. सप्टेंबरात फ्रेडरिकला बायकापोरांसह राजवाड्याबाहेर काढलं. वीस वर्षांपूर्वी हेच तिच्याबरोबर झालं होतं. फरक एवढाच की या वेळी नात आईबापांकडे राहू दिली.

तिच्या मृत्यूकडे मी मुद्दाम सविस्तर वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. १७२४ मध्ये धाकट्या लुइझाच्या बाळंतपणानंतर तिला बेंबीजवळ हर्निया झाला होता. तिने तो तेरा वर्षं लपवला. फक्त नवऱ्याला ठाऊक, आणि त्यालाही कुणाला न सांगायची शपथ. त्या दरबारात राणीची जागा राजाच्या शेजारी, रोज, उभी. तो चालायला निघाला की पाय सुजलेले असले तरी ती निघायची. एकदा संधिवाताने सुजलेले पाय थंड पाण्यात बुडवून ती त्याच्याबरोबर फिरायला गेल्याचं सांगतात. आजारी राणी म्हणजे रिकामी जागा, आणि ती भरायला टपलेले पुष्कळ, हे तिला पक्कं कळत होतं.

९ नोव्हेंबर १७३७ ला सेंट जेम्स राजवाड्यातल्या आपल्या नव्या ग्रंथालयात असताना पोटात कळ आली. डॉक्टरांनी पोटशूळ समजून काढे, मद्यार्क, रेचकं दिली, रक्त काढलं. अडकलेल्या आतड्याला रेचक देणं म्हणजे आगीत तेल, हे आजचा पहिल्या वर्षाचा वैद्यकीचा विद्यार्थी सांगेल. ती तरी काही बोलली नाही. तीन दिवसांनी राजानेच शपथ मोडून सर्जन रॅन्बीला खरं सांगितलं. मग भूल न देता कापाकापी सुरू झाली. एका सर्जनचा केसांचा टोप मेणबत्तीवर पेटला तेव्हा राणीने त्याला थांबवलं, आधी मला हसून घेऊ दे म्हणून. १७ तारखेला आतडं फुटलं. गंमत म्हणा की क्रूर योगायोग, तिच्या मुलींना टोचणारा अमियां याने याच शहरात दोनच वर्षांपूर्वी, डिसेंबर १७३५ मध्ये, एका मुलाच्या हर्नियात अडकलेलं आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) काढलं होतं आणि तो मुलगा वाचला होता. अशा शस्त्रक्रियेची ही पहिली नोंद मानतात. राणीच्या बाबतीत कुणी वेळेवर काही करायला आधी कुणाला माहीत तर असायला हवं होतं.

फ्रेडरिकने भेटायची परवानगी मागितली, राजाने नाकारली, आणि तिनेही आग्रह धरला नाही. तिने राजाला पुन्हा लग्न कर म्हटलं. तो हुंदके देत म्हणाला, नाही, मी बाया ठेवीन. "अरे देवा," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "त्याने लग्नाला कुठे अडतंय?" २० नोव्हेंबरला रात्री ती गेली. वय ५४. त्याच वर्षी मार्चमध्ये आपला बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून आला होता. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं, संबंध काही नाही.

एक इशारा दिला पाहिजे. वर सांगितलेल्या खासगी प्रसंगांतले निम्म्याहून जास्त एकाच माणसाच्या आठवणींतून येतात: लॉर्ड हर्व्ही. तो दरबारी अधिकारी, राणीचा लाडका, रोज तिच्या खोलीत बसणारा. फ्रेडरिकशी त्याची आधी गाढ मैत्री आणि नंतर विखारी दुश्मनी. त्याच्या आठवणी छापल्या गेल्या थेट १८४८ मध्ये, आणि घरच्यांनी काही पानं आधीच नष्ट केली होती. हर्व्ही डोळस आहे, संवाद झकास लिहितो, पण राजाला तो सतत मूर्ख दाखवतो आणि फ्रेडरिकला नीच. राणी जितकी चतुर, तितका तिचा विश्वासू हर्व्हीही चतुर ठरतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून त्याचे किस्से वाचा, पण तनखा, प्रतिशासकपद, पोलंडच्या युद्धातली तटस्थता, बिशपांच्या नेमणुका अशा दुसरीकडूनही पडताळता येणाऱ्या गोष्टींवर भार द्या. मरताना तिने जोसेफ बटलर या तत्त्वज्ञ धर्मगुरूची शिफारस केली आणि वर्षभरात तो ब्रिस्टलचा बिशप झाला. असे पुरावे किश्शांपेक्षा कमी रंगतदार, पण पक्के.

तिच्या जाण्याने काय फरक पडला, हीही एक कसोटी आहे. वॉलपोल लगेच पडला नाही. तो १७४२ पर्यंत टिकला. म्हणजे राजाचा त्याच्यावर स्वतःचाही विश्वास होता, सगळी जादू राणीचीच नव्हती. पण १७३९ मध्ये स्पेनशी युद्ध लागलं तेव्हा राजा आणि संसद दोघांनाही आवरणं त्याला जमलं नाही, आणि त्याच्या बाजूने आतून बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जागा रिकामी आहे हे मात्र त्याने प्रेत घरात असतानाच ओळखलं होतं. दरबारी म्हणत होते की आता मुली राजाला चालवतील. वॉलपोल म्हणाला, मी ठेवलेल्या बाईविरुद्ध बायकोच्या बाजूने होतो, आता मुलींविरुद्ध बाईच्या बाजूने राहीन. वालमोडेनला १७३८ मध्ये इंग्लंडला आणलं, १७४० मध्ये ती यार्मथची काउंटेस झाली, आणि पदासाठी शब्द टाकायला लोक तिच्या दिवाणखान्यात जाऊ लागले.